आधी पिक ग्लास, मग स्कॅनर

सोलापुरात चादरीच्या किंवा टॉवेलच्या धंद्यातलं घर असेल, तर तिथल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये घडीचं एक छोटं भिंग बहुतेक सापडतंच. खाली एक इंचाची चौकोनी खिडकी, तिच्या कडेला मोजमापाच्या रेघा, वर काच. कापडावर ठेवायचं आणि इंचाला ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती, ते मोजायचं. धंद्यात त्याला पिक ग्लास म्हणतात. छापखान्यातली माणसंही हेच भिंग वापरतात, फक्त धाग्यांऐवजी शाईचे ठिपके बघायला. लहानपणी जमवलेली कार्डं आता संगणकावर नीट उतरवून ठेवावीत असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी स्कॅनरची चौकशी करण्याआधी हे भिंग कुणाकडून तरी मागून आणावं.

कारण स्कॅन कसा येणार, हे यंत्राच्या किमतीपेक्षा कार्ड कसं छापलंय यावर जास्त अवलंबून असतं. आणि आपल्याकडच्या घरातला कार्डांचा डबा म्हणजे एका जातीचा माल नसतो. तळाशी वडिलांच्या किंवा काकांच्या काळातले काडेपेटीचे छाप निघतात. काही विमकोच्या पेट्यांचे (ही कंपनी १९२३ सालची, अंबरनाथला तिचा मोठा कारखाना होता), बाकीचे बहुतेक शिवकाशीकडचे. त्यावर ऐंशीच्या दशकातल्या बिग फन बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रं. त्यावर नव्वदच्या दशकातली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं, ज्यांच्या जोरावर मधल्या सुट्टीत उंची, वजन, छाती आणि दंड यांची हारजीत व्हायची. मग पोकेमॉन, त्यातले किती खरे आणि किती सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलवरचे ते देव जाणे. आणि वर २०१० नंतरची, चकाकणाऱ्या मुलाम्याची आयपीएलची कार्डं. सोलापुरातच जन्मलेले पॉली उम्रीगर, कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक १९५५ साली हैदराबादला ठोकणारे, या डब्यात सापडणं कठीण. ते १९६२ पर्यंत खेळले आणि बबलगमवाल्यांचा जमाना नंतर आला.

या सगळ्याचं मूळ तंबाखूत आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी मऊ पाकिटात सिगारेटी चेपू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालायला सुरुवात केली, आणि कोरा पुठ्ठा वाया का घालवा म्हणून त्यावर नट्या, खेळाडू, पक्षी छापले. पुढे ब्रिटनमध्येही तेच झालं. आमच्या सोलापुरात हजारो बायकांचे हात विड्या वळत आले, पण विडीच्या बंडलाला पुठ्ठ्याची गरज पडली नाही. त्याला कागदी लेबलच पुरलं. त्यामुळे आपल्या पोरांचा संग्रह सुरू झाला तो अशा कागदी छापांवर, आणि पुठ्ठ्याची कार्डं आली ती फार उशिरा.

आता पिक ग्लास एका ट्रम्प कार्डावर ठेवून बघा. अंडरटेकरचं असेल तर उत्तम, कारण त्याचे जांभळे हातमोजे बघण्यासारखे आहेत. भिंगाखाली जांभळा रंग कुठेच नसतो. असतात ते निळे आणि गुलाबी ठिपके, शेजारी-शेजारी, काही ठिकाणी एकमेकांवर चढलेले. चेहऱ्याच्या जागी गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांची गर्दी, त्यात तुरळक काळे. ऑफसेट छपाईत निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा या चारच शाया असतात. प्रत्येकीची जाळी वेगळ्या कोनात फिरवलेली असते: काळी ४५ अंशांत, गुलाबी ७५, निळी १५ आणि पिवळी शून्यात. चारही नीट बसल्या की ठिपक्यांची छोटी वर्तुळं तयार होतात. छापणारे त्यांना रोझेट म्हणतात. स्वस्तातल्या कार्डांवर ही बैठक हमखास चुकलेली असते. दंडाच्या एका कडेला निळी किनार दिसते, दुसऱ्या कडेला गुलाबी, आणि त्याच कार्डावरची काळी अक्षरं मात्र सलग, ठिपक्यांशिवाय, कारण ती एकट्या काळ्या शाईने छापलेली असतात.

काडेपेटीचा जुना छाप असेल तर गोष्ट वेगळी. पुष्कळशा छापांवर जाळी नसतेच. दोन-तीन रंगांचे सलग थर, एकमेकांपासून किंचित सरकलेले. त्याहून जुनी, दगडावर चित्र काढून छापलेली लिथोग्राफी कुणाकडे असेल, तर तिथे ठिपके असतात पण ते कारागिराने हाताने टाकलेले, लहान-मोठे, कुठल्याही रांगेत न बसणारे. आपल्याकडे या तंत्राला घराघरांत नेलं ते राजा रविवर्मांच्या छापखान्याने. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

भिंगातून जाळी दिसली, की स्कॅनरचं पहिलं सेटिंग आपोआप ठरतं. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले, की दोन्हींत नसलेल्या लाटा त्यात दिसू लागतात. छपाईची जाळी आणि स्कॅनरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर आल्या की हेच होतं. चेहऱ्यावर पट्टे उमटतात, आकाशात चौकडा दिसतो. याला मॉयरे म्हणतात. छपाईची जाळी इंचाला १५० ओळींची असेल आणि तुम्ही ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, स्कॅन केलंत, तर एका ठिपक्याच्या घराला एका दिशेत जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. ठिपका धड ठिपकाही दिसत नाही आणि धड मिसळतही नाही. ६०० ला चार मिळतात, १२०० ला आठ. म्हणजे प्रत्येक ठिपका आधी नीट टिपायचा आणि चित्र छोटं करायचं ते नंतर, संगणकावर. छोटं करताना ठिपके एकमेकांत विरघळतात आणि रंग सलग होतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क्रीन' नावाचा पर्याय असतो. तो हेच काम घाईने करतो, आणि करताना मागच्या बाजूची बारीक अक्षरंही पुसट करून टाकतो. जिथे जाळीच नाही अशा काडेपेटीच्या छापावर तो लावणं म्हणजे शुद्ध नुकसान. कुणी सरसकट 'डिस्क्रीन चालू ठेवा' असा सल्ला दिला, तर त्याने कार्ड भिंगाखाली पाहिलेलं नाही एवढं समजावं.

डीपीआयचा हिशोब एकदा कागदावर मांडला की मोह आवरतो. आज जगभर चालणारं प्रमाण कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असतं. टॉप्स या अमेरिकन कंपनीने १९५७ साली हे माप धरलं आणि पुढे सगळ्यांनी ते उचललं. ६०० डीपीआयला अशा कार्डाचे १५०० गुणिले २१०० पिक्सेल होतात, आणि दाबून न ठेवलेली फाइल साधारण साडेनऊ एमबीची. १२०० ला चौपट, म्हणजे जवळपास ३८ एमबी. पाचशे कार्डं दोन्ही बाजूंनी ६०० ला उतरवली तर साडेनऊ जीबी, एका पेन ड्राइव्हचं काम. १२०० ला ३८ जीबी. माझा कल सगळं ६०० ला आणि मोजकं १२०० ला करण्याकडे आहे. खोक्यावर जे १९२०० वगैरे आकडे छापलेले असतात ते बाजूला ठेवा. ते यंत्राने मधले पिक्सेल अंदाजाने भरून काढलेले असतात. बघायचा आकडा 'ऑप्टिकल' या शब्दापुढचा.

स्कॅनर निवडताना डीपीआयपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांत असते, कधी कधी नसतेच. आत सीआयएस आहे की सीसीडी? सीआयएसमध्ये पानाच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी काचेला जवळजवळ चिकटून सरकते. यंत्र पातळ, हलकं, स्वस्त. आपल्या घरातले प्रिंटर-स्कॅनर-झेरॉक्स एकत्र असलेले डबे बहुतेक याच जातीचे. काचेला टेकलेली वस्तू त्यात छान येते, पण वस्तू एखाद-दुसरा मिलिमीटर जरी वर उचलली गेली तरी धूसर होते. सीसीडीमध्ये दिवा, आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे यंत्र जाडजूड होतं, पण काचेपासून थोडी वर असलेली वस्तूही त्यात स्पष्ट दिसते. कार्ड सपाट असेल तर दोन्ही सारखीच.

कार्ड सपाट असेल तर! सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावाला नसतो. चकाकीच्या कार्डाला पुढून प्लास्टिकचा किंवा धातूचा पातळ थर असतो आणि मागून नुसता कागद. कागद ओलावा सोडतो, आकसतो. पुढचा थर आहे तसाच राहतो. त्यामुळे उन्हाळ्यात कार्डाच्या कडा मागच्या बाजूला वळतात. काचेवर तोंड खाली करून ठेवलं, की मध्य टेकलेला आणि कडा अधांतरी. सीआयएसवर चेहरा खणखणीत येतो आणि चौकट धुरकट. पावसाळ्यात उलट. कागद ओलावा पितो, फुगतो, कडा पुढे वळतात, आणि या वेळी चौकट स्पष्ट येऊन चेहरा धुरकट होतो. एकाच कार्डाचे जूनमधले आणि एप्रिलमधले स्कॅन वेगळ्या ठिकाणी धूसर आले, तर यंत्राला दोष देऊ नका.

उपाय साधा आहे, फक्त त्याला दिवस लागतात. कार्डं दोन स्वच्छ कागदांच्या मध्ये घालून जाड पुस्तकांखाली आठ-दहा दिवस ठेवायची. इस्त्री फिरवायची नाही; उष्णतेने चकाकीचा थर सुटतो. स्कॅन करताना कार्डांच्या पाठीवर फोमचा मऊ तुकडा ठेवून झाकण हलकं टेकवलं की उरलेला बाक जातो. टॉवेलची घडी ठेवायचा मोह आमच्या गावात होणारच, पण टॉवेल कितीही चांगला असला तरी तंतू सोडतो आणि ६०० डीपीआयला एकेक तंतू केसाएवढा दिसतो.

तंतूंचं म्हणाल, तर ज्यांच्या गल्लीत यंत्रमाग आहेत त्यांनी काच दर फेरीला पुसावी. मायक्रोफायबरचं फडकं, द्रव फवारायचा तो फडक्यावर, काचेवर कधीच नाही, कारण तो कडेने आत शिरतो. कार्डावरची धूळ कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने उडवायची. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे शिंतोडे कायमचे बसतात. 'डस्ट रिमूव्हल' नावाचा पर्याय बंद ठेवा. धुळीचा पांढरा कण आणि छपाईतला उजळ ठिपका यांत त्याला फरक कळत नाही.

चकाकीचा विषय मात्र धुळीसारखा चटकन संपत नाही. स्कॅनरचा दिवा कार्डावर तिरका पडतो आणि सेन्सर सरळ समोरून बघतो. साध्या कागदावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, त्यातला थोडा सेन्सरपर्यंत पोचतो. आरशासारख्या थरावर पडलेला उजेड एकाच दिशेला परततो, आणि ती दिशा सेन्सरची नसते. म्हणून हातात घेतल्यावर इंद्रधनुष्य फेकणारं कार्ड स्कॅनमध्ये काळपट, मेलेलं येतं. सेटिंग बदलून यात काही होत नाही, कारण जो उजेड सेन्सरला मिळालाच नाही तो सॉफ्टवेअर आणणार कुठून? जुन्या कापड मिलांच्या ताग्यांवर लागणारी रंगीत लेबलं ज्यांच्या घरी आहेत त्यांनाही हीच अडचण येते. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग ही १८७० च्या दशकातली मिल गावाच्या तोंडी जुनी मिल म्हणूनच राहिली, आणि त्या काळात ताग्यांवर लागणाऱ्या लेबलांवर सोनेरी काम सर्रास असायचं. ती शाई म्हणजे धातूची भुकटी. स्कॅनरला ती मातकट तपकिरी दिसते.

इथे दोन वाटा आहेत. पहिली, कार्ड स्कॅनरवरच ठेवायचं, पण एकदा उभं, एकदा आडवं, एकदा उलटं. पट्ट्या-पट्ट्यांचा किंवा चौकडीचा मुलामा असेल तर एखाद्या दिशेत तो उजळतो, आणि मग त्यातला बरा स्कॅन निवडता येतो किंवा दोन एकत्र जुळवता येतात. दुसरी वाट कॅमेऱ्याची, आणि चकाकीच्या कार्डांसाठी मला तीच पटते. फोन पुरतो. तो कार्डाला अगदी समांतर हवा. फोनमध्ये पातळी दाखवणारी खूण असते, ती चालू करायची. स्टँड नसेल तर दोन सारख्या उंचीच्या डब्यांवर काच आडवी टाकून फोन तिच्यावर ठेवता येतो. फार जवळ जाऊ नका, कडा फुगतात. थोडं लांब राहून दुप्पट झूमची लेन्स वापरा. उजेड उत्तरेच्या खिडकीतला, थेट ऊन कधीच नाही. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात कार्ड अर्धा तास जरी राहिलं तरी वाकतं, आणि रंग उडायची सुरुवात होते ती वेगळीच. कार्डासमोरच्या बाजूला, म्हणजे फोनच्या आजूबाजूला, काळं कापड धरलं की पंखा, भिंत आणि आपलाच चेहरा कार्डात उमटत नाही. मग बाजूने एक छोटी बॅटरी हळूहळू फिरवत तीन-चार फोटो घ्यायचे. ज्यात मुलामा जागा झाला आणि चेहराही झाकोळला नाही, तो ठेवायचा.

फोनमधली 'स्कॅनर' नावाची ॲप मात्र या कामाची नाहीत. ती रेशन कार्डासाठी बनवलीत. कागद पांढरा आणि अक्षरं काळी करणं एवढंच त्यांना येतं, आणि बबलगमच्या चित्रातल्या तुमच्या क्रिकेटपटू श्रीकांतलाही ती तसंच वागवतात.

आता रंग. स्कॅनर आल्याबरोबर सगळं 'ऑटो'वर असतं, आणि ऑटोचा नियम एकच: चित्रातला सगळ्यांत उजळ भाग म्हणजे पांढरा, सगळ्यांत गडद म्हणजे काळा. ऐंशीच्या दशकातल्या क्रिकेटच्या चित्रांचा यात बळी जातो. १९८७ चा विश्वचषकसुद्धा पांढऱ्या कपड्यांत खेळला गेला. रंगीत कपडे आले १९९२ ला. म्हणजे त्या काळच्या चित्रांत खेळाडू पांढऱ्यात, कागद पिवळट आणि शर्टाच्या चुण्या अगदी फिकट, तुरळक ठिपक्यांच्या. ऑटोने कागद पांढरा केला की त्या चुण्या त्यात गडप होतात आणि फलंदाजाच्या अंगावर एक पांढरं भोक उरतं. शिवाय शेजारच्या चित्राला वेगळं माप लागतं, म्हणून एकाच संचातली दोन चित्रं वेगवेगळ्या छापखान्यांतली वाटू लागतात.

म्हणून ऑटो एक्स्पोजर, ऑटो कलर, शार्पनिंग हे सगळं बंद. एकदा हाताने माप लावायचं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडून बघायचं की कागदाचा पांढरा २५५ ला टेकलेला नाही, २३५-२४५ च्या आसपास आहे. ते सेटिंग नाव देऊन साठवायचं आणि सगळ्या कार्डांना तेच. काचेच्या एका कोपऱ्यात राखाडी रंगाची पट्टी प्रत्येक फेरीत ठेवली, तर पुढे कधीही रंग तपासायला आधार राहतो. छायाचित्रणाच्या दुकानात अशी ग्रे कार्डं मिळतात. पिवळेपणा काढायचाच असेल तर तो प्रतीवर काढा. मूळ फाइलमध्ये कागद जेवढा पिवळा आहे तेवढा पिवळाच दिसला पाहिजे, कारण तो पिवळेपणाही त्या वस्तूचाच भाग आहे.

मांडणी करताना ए-फोर काचेवर प्रमाण मापाची नऊ कार्डं बसतात, तीन-तीनच्या तीन ओळी, मध्ये थोडीशी फट ठेवून. काचेच्या अगदी कडेला चिकटवू नका, बऱ्याच यंत्रांना तिथले एक-दोन मिलिमीटर दिसत नाहीत. पांढऱ्या चौकटीच्या कार्डांमागे काळा कागद ठेवला की कड कुठे संपते ते सॉफ्टवेअरला कळतं. काडेपेटीच्या पातळ छापांमागे तर काळा कागद हवाच, नाहीतर मागची बाजू पुढे डोकावते. कार्डं वाकडी पडली तर तिथेच सरळ करा. नंतर संगणकावर फिरवली की प्रत्येक पिक्सेलची नव्याने आकडेमोड होते आणि धार थोडी बोथट होते. आणि वरून कागद ओढून घेणाऱ्या फीडरमध्ये कार्ड घालायचा विचारही नको.

छाप जर शंभर पानी वहीत खळीने किंवा डिंकाने चिकटवलेले असतील, तर त्यांना हात लावू नका. वाफेने सोडवा, पाण्यात भिजवा, असले सल्ले घरोघर मिळतात. त्यात छापाचा रंगही पाण्याबरोबर जातो. वहीचं पान आहे तसं टिपा, कॅमेऱ्याने, आणि छाप वेगवेगळे कापायचे ते फाइलमध्ये. चिकटवण्यात कमीपणा काही नाही. जेफरसन बर्डिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने सुमारे तीन लाख कार्डं आणि छापील चिटोरे जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने म्युझियममध्ये बसून ती कार्डं स्वतःच्या हाताने अल्बममध्ये चिकटवण्यात घालवली. १९६३ साली तो गेला. त्याने यादीसाठी ठरवलेले क्रमांक संग्राहक आजही वापरतात. २०२२ साली होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं जे कार्ड सव्वासात दशलक्ष डॉलरला गेलं, त्याच्या संचाचं 'टी-२०६' हे नाव बर्डिकच्या यादीतलं आहे.

वहीपेक्षा जास्त नुकसान केलंय ते स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ, वासाच्या प्लास्टिक खिशांनी. ते पीव्हीसी असतं. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षानुवर्षं बाहेर झिरपतो आणि उन्हाळ्यात शाई प्लास्टिकला चिकटते. कार्ड सहज निघत असेल तर बाहेर काढून स्कॅन करा आणि परत ठेवताना पॉलिप्रॉपिलिनचा खिसा घ्या. निघत नसेल तर ओढू नका, खिशासकट सीसीडी स्कॅनरवर ठेवा.

साठवण्याबद्दल थोडक्यात. मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवायची ती जेपेग, मूळ प्रतीवरून काढलेली. जेपेग उघडून, बदलून पुन्हा जेपेग केली की दर वेळी थोडं काहीतरी गळतं. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पुण्या-मुंबईत राहणाऱ्या भावाकडे. फाइलचं नाव असं ठेवा की संच, कार्डाचा क्रमांक आणि बाजू त्यातच कळेल. 'स्कॅन ००४७' या नावाने ठेवलेलं कार्ड सहा महिन्यांनी तुम्हालाही सापडणार नाही.

१२०० डीपीआयचा एक फायदा वर सांगायचा राहिला. पोकेमॉनची खोटी कार्डं त्यात उघडी पडतात. खऱ्या कार्डावरची काळी अक्षरं सलग काळ्या शाईची असतात. खोटं कार्ड बहुतेक वेळा खऱ्याच्या स्कॅनवरून पुन्हा छापलेलं असतं, त्यामुळे त्यातली अक्षरंसुद्धा निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांची बनलेली दिसतात, कडा फाटलेल्या. ज्यांनी जत्रेत दहा रुपयांत चारिझार्ड घेतला होता त्यांनी हा प्रयोग मन घट्ट करून करावा. खोटी निघाली म्हणून टाकू मात्र नका. आपल्या गावात पोरं खेळली ती याच कार्डांनी, आणि त्यांचा स्कॅन कुठल्याच कंपनीच्या संग्रहात मिळणार नाही.

आणि मागची बाजू सोडू नका. लोक पुढून सगळं उतरवतात आणि मागे काय बघायचं म्हणून थांबतात. मागे बॉलपेनने नाव लिहिलेलं असतं, तुकडी लिहिलेली असते, 'डबल' अशी खूण असते, म्हणजे हे द्यायला मोकळं. एखाद्या ट्रम्प कार्डावर वजनाच्या आकड्यापुढे कुणीतरी हळूच एक शून्य वाढवलेलं असतं, डाव जिंकायला. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे सगळे डाग, आणि 'दुरुस्ती'चं बटण दाबलं की ते क्षणात साफ होतात. ते बटण प्रतीवरही दाबू नका. मागची बाजू स्कॅन करताना कार्डांचा क्रम न बदलता प्रत्येक कार्ड जागच्या जागी पलटायचं, म्हणजे पुढची पाचवी आणि मागची पाचवी फाइल एकाच कार्डाची राहते.